मास्टरचं कार्ड आणि नेत्राणीची ती पाच मिनिटं

ताई, नमस्कार.

मी 36 वर्षांची, ठाण्याला राहते, बँकेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी अंदमानात, स्वराज द्वीपला (आम्ही अजून हॅवलॉकच म्हणतो) मी आणि नवऱ्याने पॅडी या स्कूबा प्रशिक्षण संस्थेचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला आणि गेल्या वर्षी अ‍ॅडव्हान्स्ड. मालवण आणि मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट धरून आजवर 19 डाइव्ह झाल्यात. येत्या डिसेंबरात दहा दिवस पुन्हा हॅवलॉकला जायचंय. तिथल्या एका सेंटरने पॅकेज देऊ केलंय: डीप, नायट्रॉक्स, रेक (बुडालेली जहाजं), बोट आणि फोटोग्राफी अशा पाच स्पेशालिटी, म्हणजे एकेका विषयाचे कोर्स, माणशी 80 हजार. 'मास्टर स्कूबा डायव्हर होऊनच परत जा' असं म्हणतात. नवरा एका पायावर तयार आहे. मला मात्र यातलं खरंच काय घ्यावं ते कळत नाही. माझा सिलिंडर नेहमी सगळ्यांच्या आधी संपतो, म्हणून नायट्रॉक्स तरी घ्यावं असं वाटतं. नेत्राणीला एकदा पाणी गढूळ होतं, हे गोप्रो घेऊन कासवामागे गेले आणि पाचेक मिनिटं मला कोणीच दिसलं नाही. तेव्हा जरा घाबरले होते, पण ते सोडा.

आणखी एक. मालवणला डाइव्ह झाली की आम्ही त्याच संध्याकाळी आंबोली चढून माझ्या माहेरी, बेळगावला जातो. त्याला काही हरकत नाही ना?

– पाणवेडी, ठाणे

नमस्कार.

हे सदर लिहायला लागल्यापासून एक गोष्ट लक्षात आलीय. पत्रात जिथे 'पण ते सोडा' येतं, खरा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच दडलेला असतो. त्यामुळे तुमची नेत्राणीची पाच मिनिटं मी काही सोडणार नाही. पण आधी पैशांचा हिशेब उरकून घेऊ, तो सोपा आहे.

पॅडीच्या मास्टर स्कूबा डायव्हरला अ‍ॅडव्हान्स्डच्या पुढे तीन गोष्टी लागतात: रेस्क्यू डायव्हरचा कोर्स, पाच स्पेशालिटी आणि लॉगबुकात नोंदलेल्या 50 डाइव्ह. तुमच्या पॅकेजात रेस्क्यूचा पत्ताच नाही. आता डाइव्ह मोजा. डीपच्या चार, त्यातली एक तुमची अ‍ॅडव्हान्स्डमध्ये झालीय, ती धरली तर तीनच. रेकच्या चार. बोटीच्या दोन, फोटोग्राफीच्या दोन. नायट्रॉक्ससाठी पाण्यात उतरावंच लागतं असं नाही. तुमच्या 19 मध्ये या मिळवल्या की होतात तीसेक. पन्नासला वीस कमी. मग हे लोक तुम्हाला डिसेंबरात मास्टर कुठून करणार? एक तर त्यांनी तुमच्या डाइव्ह किती झाल्यात ते विचारलेलंच नाही, नाहीतर विचारायची गरज त्यांना वाटलेली नाही. दुसरं असेल तर मी त्या सेंटरकडून साधा मास्कही भाड्याने घेणार नाही. एसएसआय या दुसऱ्या संस्थेकडे स्पेशालिटी पाचाऐवजी चार लागतात, पण 50 डाइव्ह आणि रेस्क्यू तिथेही चुकत नाही.

म्हणजे मास्टर या वर्षी होत नाही. झालं, तो विषय बाजूला ठेवला की बाकीचं नीट दिसायला लागतं.

स्पेशालिटीचं कार्ड म्हणजे परवाना, असा एक समज आहे. बहुतेक कार्डांच्या बाबतीत तसं काही नसतं. पाण्याखाली फोटो काढायला कुणी कार्ड मागत नाही. बोटीचं तर काय सांगू! हॅवलॉकच्या तुमच्या बऱ्याचशा डाइव्ह बोटीवरूनच झाल्या असतील. सिलिंडर कुठे अडकवायचा, मागे कसं पडायचं, शिडीला लागताना पायातले फिन्स कधी काढायचे, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलंय. तेच पुन्हा शिकायला पैसे मोजणं म्हणजे लग्न झाल्यावर कांदेपोह्यांचा कार्यक्रम करण्यासारखं आहे. बोट काढून टाका.

खरोखर दार अडवणारं कार्ड तुमच्या यादीत एकच आहे, नायट्रॉक्सचं. ते नसेल तर सेंटर तुमच्या हातात नायट्रॉक्सचा सिलिंडर देणारच नाही. पण तुम्ही ज्या कारणासाठी ते घेताय ते कारण चुकीचं आहे, आणि हा घोटाळा इतक्या जणांच्या डोक्यात असतो की जरा सविस्तर सांगते.

आपण श्वासात घेतो त्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन, बाकी बहुतेक नायट्रोजन. नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन वाढवून 32 किंवा 36 टक्के केलेला असतो, म्हणजे तितका नायट्रोजन कमी. शरीरात नायट्रोजन कमी मुरला की त्याच खोलीवर जास्त वेळ थांबता येतं. पण सिलिंडरातला वायू काही जास्त होत नाही! तुम्ही मिनिटाला जेवढा ओढता तेवढाच ओढणार. पॅडीच्या तक्त्यात 18 मीटरवर साध्या हवेने पहिल्या डाइव्हला 56 मिनिटं मिळतात. तुमचा सिलिंडर त्याच्या कितीतरी आधी संपत असेल. म्हणजे घोडं नायट्रोजनपाशी अडलेलंच नाही, ते अडलंय तुमच्या श्वासापाशी. नायट्रॉक्सचा खरा उपयोग होतो तो दिवसाला तीन-तीन डाइव्ह असे चार-पाच दिवस सलग काढायचे असतील तेव्हा, किंवा 25-30 मीटरवर, जिथे साध्या हवेची मुदत पटकन आखडते. 30 मीटरवर ती पहिल्या डाइव्हलाही जेमतेम 20 मिनिटं असते.

दुसरा घोटाळा म्हणजे नायट्रॉक्सने जास्त खोल जाता येतं हा. नेमकं उलट आहे. दाबाखाली जास्तीचा ऑक्सिजन विषारी ठरतो, पाण्यात झटका येऊ शकतो, आणि तोंडातून श्वास घ्यायचा रेग्युलेटर सुटला तर माणूस तिथेच बुडतो. म्हणून 32 टक्क्यांचा सिलिंडर घेऊन 33 मीटरच्या खाली जायचं नाही, 36 टक्क्यांचा घेऊन साधारण 28 च्या. या कोर्समध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तपासणी. अ‍ॅनलायझर आधी साध्या हवेवर 20.9 ला आणायचा, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी हलका उघडून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग पांढऱ्या चिकटपट्टीवर टक्के, खोलीची मर्यादा, तारीख आणि आपली सही. तोच आकडा मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये घालायचा. दुसऱ्याने तपासलेला सिलिंडर आपण घ्यायचा नाही, नवऱ्याने तपासलेलाही नाही. कोर्स घ्या, बराचसा ठाण्यात बसून ऑनलाइन होतो. फक्त सिलिंडर जास्त पुरेल या आशेवर घेऊ नका.

सिलिंडर पुरवण्याचा इलाज तुमच्या पॅकेजात नाहीच. त्याचं नाव बॉयन्सी, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली, अधांतरी स्थिर राहायचं कसब. पॅडीत तो पीक परफॉर्मन्स बॉयन्सी नावाने मिळतो, दोन डाइव्हचा कोर्स आहे. दिसायला सगळ्यात किरकोळ, त्यामुळे पॅकेज विकणारे त्याला पुढे करत नाहीत.

माझ्या पहिल्या तीसेक डाइव्हमध्ये मी पाण्यात सायकल चालवायचे. एकाने वरून काढलेला व्हिडिओ बघितला आणि मला लाज वाटली. पाय खाली, डोकं वर, गुडघे वाकलेले, हात पोहल्यासारखे चाललेले, आणि मागे वाळूचा धुरळा. कंबरेला आठ किलो शिसं होतं. पुढे एका शांत स्वभावाच्या शिक्षकाने मला पाण्याच्या पृष्ठभागावर उभं केलं, बीसीडी (हवा भरायचं जाकीट) पूर्ण रिकामं करायला लावलं, नेहमीइतका श्वास घेऊन रोखायला सांगितलं. डोळ्यांच्या पातळीला पाणी आलं पाहिजे. मी दगडासारखी खाली गेले. त्याने एकेक तुकडा काढत पाच किलोवर आणलं, रिकाम्या सिलिंडरची भर म्हणून दीड-दोन किलो परत धरूनसुद्धा मला आठची गरज नव्हती. जास्त वजन असलं की ते तोलायला बीसीडीत जास्त हवा भरावी लागते, मग पाय खाली पडतात, मग लाथा मारत राहावं लागतं, आणि मग सिलिंडर सगळ्यांच्या आधी संपतो. नवख्यांना बरीच सेंटरं मुद्दाम जड करून खाली पाठवतात, सांभाळायला सोपं जातं म्हणून. तुम्हाला किती किलो लावतात ते लॉगबुकात लिहिलेलं असेल, बघा.

तुमचं काय चाललंय ते तपासायचं असेल तर पुढच्या वेळी वर येताना पाच मीटरवर थांबतात त्या सेफ्टी स्टॉपला तीन मिनिटं दोरीला न धरता, फिन न हलवता थांबून बघा. कॉम्प्युटरवर 4.8 ते 5.3 च्या मध्ये राहिलात तर मला पत्र लिहा, मी शब्द मागे घेईन.

डीप आणि रेकचं तुम्हाला मी आत्ता नाही म्हणतेय ते यामुळेच. अ‍ॅडव्हान्स्डवर तुम्हाला 30 मीटरपर्यंत जाता येतं, डीपवर 40. त्या दहा मीटरांसाठी काय मोजावं लागतं? समजा पृष्ठभागावर तुम्ही मिनिटाला 20 लिटर हवा घेता, नवख्या माणसाला हे काही फार नाही. 30 मीटरवर दाब चौपट, म्हणजे मिनिटाला 80 लिटर. 40 वर पाचपट, 100 लिटर. 11 लिटरचा सिलिंडर, 200 बार दाबाने भरलेला, त्यातले 50 हातचे राखले तर वापरायला उरले साडेसोळाशे लिटर. भागाकार तुम्ही बँकवाल्या माणसाने करायचा, आणि त्यातून वर येताना लागणारी हवा वजा करायला विसरायचं नाही.

शिवाय तिथे डोकं चालत नाही. माझ्या डीप कोर्सला 32 मीटरवर शिक्षकाने स्लेट पुढे केली आणि सतराचा पाढा लिहायला सांगितला. सतराचा पाढा मला झोपेतून उठवून विचारला तरी येतो, आजोबांनी झोपाळ्यावर बसवून पाठ करून घेतलाय. मी झरझर लिहिला आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले. मनगटातल्या लाल दोऱ्याकडे बघत बसले, तो तिथे काळपट शेवाळी दिसतो, कारण पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, आणि त्याचंही मला फार कौतुक वाटलं. बोटीवर आल्यावर स्लेट बघितली. सहाव्या ओळीला 112 आणि आठवी ओळ नव्हतीच. नायट्रोजनची नशा म्हणतात ती हीच. भीती वाटत नाही, हाच तिचा धोका. डीप शिकण्यासारखी गोष्ट आहे, मी ती कमी लेखत नाही. पण जिला गढूळ पाण्यात बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, हरवल्यावर पाच मिनिटं काय करावं ते सुचलं नाही, तिने ती पन्नाशी ओलांडल्यावर शिकावी. डाइव्हची पन्नाशी, वयाची नव्हे.

रेकचं कारण आणखी साधं आहे. बुडालेल्या जहाजाच्या आत गाळाचा थर असतो. सायकल चालवणाऱ्या एका पायाने तो उठला की हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नाही, आणि वर छप्पर असतं. नेत्राणीला निदान वर आकाश होतं. कोर्स शिकवतात तो बाहेरून जहाज बघायला आणि उजेड येतो तेवढ्याच भागात दोरी सोडत शिरायला, तेसुद्धा खोली आणि आतलं अंतर मिळून 40 मीटरच्या आत. हे शिकायचं तर असं जहाज हवं जिथे त्याचा उपयोग होईल. गोव्याच्या ग्रँडे बेटाजवळचं सुझीज रेक बघायला मजा येते, पण ते उथळ आहे आणि इतकं मोडून पडलंय की आत शिरायला 'आत' फारसं उरलेलं नाही. बालीला जायचा कधी बेत केलात तर तुलांबेनला करा. तिथलं लिबर्टी हे अमेरिकन मालवाहू जहाज 1942 साली जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जखमी होऊन किनाऱ्याला लागलं आणि 1963 साली आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने पाण्यात ढकललं गेलं. आता साधारण पाच ते 30 मीटरच्या मध्ये पसरलंय, किनाऱ्यावरून चालत जाऊन बघता येतं. आपल्याकडे निवती रॉक्सजवळ 'गुलदार' ही नौदलाची निवृत्त नौका पर्यटनासाठी पाण्याखाली ठेवायचा प्रकल्प हाती घेतलाय, तेव्हा मालवणकरांनाही या कोर्सची गरज लागेल.

फोटोग्राफीबद्दल मी तुम्हाला काही सांगत नाही, तुमच्या यजमानांना सांगते. साहेब, कासव फार सुंदर दिसतं, मान्य. पण हातात कॅमेरा आला की माणसाला बडी नसतो, हे मी इतक्या जोड्यांत बघितलंय की एकेकाळी आमच्या बोटीवर त्याला 'गोप्रो घटस्फोट' म्हणायचे. तुमची बॉयन्सी बरी असेलही, पण बाईसाहेब तुमच्या सिलिंडरला हात पोचेल इतक्या अंतरावर नव्हत्या, म्हणजे त्यांची हवा संपली असती तर तुमचा दुसरा रेग्युलेटर त्यांच्या काही कामाचा नव्हता. तुमचं कार्ड थांबू द्या.

आता नेत्राणी.

गढूळ पाण्यात बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं असतं. जागेवर गोल फिरत, वर बघत, खाली बघत, सिलिंडरवर काहीतरी ठोकत. बुडबुडे कुठे दिसतात का बघत. मिनिट संपलं की सावकाश वर, आणि पाण्यावर भेट. दोघांनीही हे केलं तर दीड-दोन मिनिटांत चुकामूक मिटते. एकच वर गेला आणि दुसरा खालीच शोधत राहिला तर मिटत नाही. हे तुम्हाला ओपन वॉटरमध्ये शिकवलं होतं. तरी तुम्ही पाच मिनिटं खाली थांबलात, कारण भीतीत शिकलेलं सगळं पुसलं जातं. यात तुमचा दोष नाही, पुरेसा सराव झालेला नाही इतकंच.

त्या सरावासाठी दोन कोर्स आहेत आणि तुमचे डिसेंबरचे पैसे तिथे जावेत असं मला वाटतं. एक, नेव्हिगेशन. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये तुमची एक डाइव्ह झालीच आहे, स्पेशालिटीला तीन लागतात, म्हणजे दोन उरल्या. कंपास धरून चौकोन पूर्ण करायचा, फिनच्या किती फेऱ्यांत किती अंतर कापतो ते मोजायचं, वाळूवरच्या लाटांच्या घड्या किनाऱ्याला समांतर असतात हे ओळखायचं. बोट कुठे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाची भीती निम्मी होते. त्याच डाइव्हमध्ये शिक्षकाला सांगून एसएमबी, म्हणजे तो लांबट नारिंगी फुगा, पाच मीटरवरून वर सोडायचा सराव करून घ्या. पहिल्या तीन वेळा दोरी पायात गुंतेल. चौथ्या वेळी नाही.

दुसरा रेस्क्यू. ही स्पेशालिटी नव्हेच, पुढची पायरी आहे, आणि पॅकेजात तिचं नाव नाही याचं मला सगळ्यात आश्चर्य वाटलं. त्याआधी प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण 24 महिन्यांच्या आत झालेलं लागतं, ते ठाण्यातच करून जा. माझ्या रेस्क्यूमध्ये एका धिप्पाड पंजाबी मुलाने घाबरलेल्या डायव्हरचं सोंग घेतलं आणि तो अक्षरशः माझ्या डोक्यावर चढून बसला. मास्क गेला, रेग्युलेटर गेला. मी खाली बुडी मारून त्याच्या पकडीतून निसटले, कारण घाबरलेला माणूस पाण्याखाली पाठलाग करत नाही, हे आदल्या रात्री वाचलं होतं. त्या दिवशी हरवलेल्या डायव्हरचा शोधही आम्ही चार वेळा केला, घड्याळ लावून. पुढे कित्येक वर्षांनी खरोखरच एक बडी दिसेनासा झाला तेव्हा माझा हात आपोआप कॉम्प्युटरवर गेला, वेळ बघायला.

तर ठाण्याहून निघण्याआधी नायट्रॉक्सचा अभ्यास आणि सीपीआर. हॅवलॉकला पहिले दोन दिवस बॉयन्सी, मग नेव्हिगेशन, मग रेस्क्यू, आणि उरलेल्या दिवसांत नुसत्या मजेच्या डाइव्ह, शिक्षकाशिवाय नाही पण परीक्षेशिवाय. सगळं मिळून 80 हजारांत बसेल की नाही ते सेंटरला विचारा, आणि विचारताना हेही विचारा की एका शिक्षकामागे किती जण असतील आणि पहिल्याच दिवशी वजनाची तपासणी करणार का. उत्तरादाखल पुन्हा मास्टरचं नाव निघालं तर दुसरं सेंटर बघा, बेटावर सेंटरांना तोटा नाही.

आणि बेळगाव. हरकत आहे! डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी एका डाइव्हला किमान 12 तास आणि एकाहून जास्त किंवा लागोपाठ दिवसांच्या डाइव्हना किमान 18 तास थांबा, हा डॅन या डायव्हर-सुरक्षा संस्थेचा सल्ला तुम्हाला माहीत असेल. तो सल्ला विमानासाठी आहे असं आपण धरून चालतो, पण खरा प्रश्न उंचीचा आहे, वाहनाचा नाही. साधारण 600 मीटरच्या वर गेलं की तो लागू होतो. आंबोली 690 मीटरच्या आसपास, बेळगाव साडेसातशेच्या. म्हणजे दुपारी मालवणला वर आलात आणि रात्री आईच्या हातचं जेवायला बेळगावात पोचलात, तर शरीरातला नायट्रोजन अजून पुरता निघालेला नसताना तुम्ही दाब कमी असलेल्या जागी जाता, आणि त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. आजवर काही झालं नाही, कारण मालवणच्या डाइव्ह उथळ असतात. आता डाइव्ह वाढणार, नायट्रॉक्स-डीप येणार, तेव्हा ही सवय आधीच मोडा. रात्र मालवणात काढा, कोंबडी-वडे खा, दुसऱ्या दिवशी दुपारी घाट चढा. आईला सांगा, डॉक्टरने सांगितलंय. माझं नाव सांगितलंत तरी चालेल, पण डॉक्टरचं जास्त चालतं.

डिसेंबरआधी पुन्हा एकदा नेत्राणीला जाणार असाल तर तिथेच एक गोष्ट करून बघा. बोटीवर, गिअर चढवायच्या आधी, यजमानांचा हात धरा आणि त्यांच्याकडून वदवून घ्या: दिसलो नाही तर एक मिनिट, मग वर. गोप्रो त्या डाइव्हला बोटीवाल्याकडे ठेवा.